बाबा, हा टेलिफोन नाहीये!

रात्रीचे पावणेबारा. स्टोरीचे अठराशे शब्द झालेत, दोनशे उरलेत. एडिटरचा तिसरा मेसेज येऊन पडलाय, 'झालं का?' मी 'पाचच मिनिटं' असं टाइप करून पाठवते, गार झालेल्या कॉफीचा शेवटचा घोट घेते, की-बोर्डवर बोटं ठेवते आणि... स्क्रीन निळी!

अख्खी निळी. वर डाव्या कोपऱ्यात ते रडकं तोंड. खाली इंग्रजीत एक सभ्य वाक्य, की तुमच्या पीसीला काहीतरी प्रॉब्लेम आलाय, आम्ही माहिती गोळा करतोय. शून्य टक्के, वीस टक्के, शंभर टक्के. माहिती गोळा झाली, कॉम्प्युटर रिस्टार्ट झाला, आणि माझे शेवटचे चारशे शब्द गेले ते गेलेच.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढी मास कॉमची डिग्री घेतलीस, ऑनलाइन लिहायला काय झालं होतं? जरूर लिहिते. पण डोंबिवलीत जून महिन्यात पहिला मोठा पाऊस झाला की आमचं नेट दोन दिवस रजेवर जातं. २०२४ च्या जूनमध्येही गेलं होतं. त्यामुळे सगळा भरवसा घरच्या मशीनवर. आणि 'कंट्रोल एस' दाबायची सवय ही दात घासण्यासारखी असते. लागली तर लागली.

ती स्टोरी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. छापून आली नाही. फ्रीलान्सरचं असं असतं, पान थांबत नाही. सात हजार रुपये बुडाले त्यापेक्षा 'पाचच मिनिटं' या माझ्या शब्दाची किंमत बुडाली, ते जास्त लागलं.

हे मशीन २०१८ मधलं. मी कॉलेजला असताना लॅमिंग्टन रोडवरून पार्ट घेऊन असेम्बल करून घेतलेलं. आठ जीबी रॅम होती, २०२१ मध्ये काम वाढलं तेव्हा आणखी आठ जीबीची पट्टी टाकली. सहा वर्षं बिचाऱ्याने तक्रार केली नाही. त्यामुळे पहिल्या निळ्या स्क्रीनकडे मी सरळ दुर्लक्ष केलं. दुसरी तीन दिवसांनी आली. तिसरी दुसऱ्याच दिवशी. मग मात्र अभ्यासाला लागले.

अभ्यास म्हणजे काय, तर जो काही सांगेल ते करायचं. कुणी म्हणालं, विंडोजचा अपडेट काढून टाक. काढला. कुणी म्हणालं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाक. टाकला. कॉलेजमधल्या एका मित्राने (आता हिंजवडीत असतो, महिन्यातून एकदा फोन उचलतो) कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवायला सांगितलं. त्याने विंडोजच्या सिस्टिम फाइल्स तपासल्या जातात आणि बिघडलेल्या बदलल्या जातात. चालवलं. मला वाटलं, आता बरं वाटतंय. दोन दिवस खरंच बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ते तोंड.

यातली खरी गोची सांगू? स्क्रीन दर वेळी वेगळं कारण सांगायची. खाली बारीक अक्षरात 'स्टॉप कोड' असतो, तो बहुतेकांच्या नजरेत येतच नाही. माझ्याकडे एकदा 'मेमरी मॅनेजमेंट' आलं. एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. विंडोजच्या फोल्डरात 'मिनिडंप' नावाचं फोल्डर असतं, प्रत्येक क्रॅशची छोटी फाइल त्यात साठते, आणि 'ब्लूस्क्रीनव्ह्यू' नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती यादी नीट वाचता येते. मी वाचली. एकदा आरोपी ग्राफिक्स ड्रायव्हर, एकदा वायफाय, एकदा खुद्द विंडोजचा गाभा. मी प्रत्येक आरोपीला पकडून शिक्षा देत होते, आणि गुन्हे काही थांबत नव्हते.

शेवटी गल्लीच्या टोकाच्या रिपेअरवाल्याकडे मशीन रिक्षातून नेलं. त्याने दोन दिवस ठेवून घेतलं, त्याच्याकडे एकदाही बंद पडलं नाही, तरी 'मॅडम, मदरबोर्ड गेलाय' असं जाहीर केलं. नऊ हजार. मी म्हटलं, विचार करून सांगते. उचलून घरी आणलं आणि आपणच फॉरमॅट मारला. सगळं पुसून कोरं विंडोज. एक अख्खा रविवार गेला. मंगळवारी संध्याकाळी, क्रोम आणि एक ऑडिओ फाइल एवढंच उघडलेलं असताना, निळं!

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, ''काय गं, परत बंद पडलं का? मी बघू का जरा?''

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. बाबा एमटीएनएलमध्ये होते. टेलिफोनच्या लाइनी तपासणं, फॉल्ट काढणं, हेच काम आयुष्यभर केलं. ३१ जानेवारी २०२० ला व्हीआरएस घेऊन हजारो लोक एकाच दिवशी बाहेर पडले, त्यात तेही होते. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. म्हणजे निरोपाच्या हाराची फुलं वाळायच्या आत माणूस जो घरात बसला तो बसलाच. त्यानंतर बाबांनी घरातल्या सगळ्या ट्यूबलाइट दुरुस्त केल्या, मग ज्या बिघडल्या नव्हत्या त्याही केल्या. मिक्सर उघडला. कुकरची शिट्टी उघडली. आई शेवटी म्हणाली, आता मला उघडू नका.

तर त्या रात्री मी वैतागलेली होते. आणि म्हणाले, ''बाबा, हा टेलिफोन नाहीये.''

बाबा काही बोलले नाहीत. भाताला ताक ओतलं, जेवले, ताट उचलून आत गेले. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं तुमच्याही घरी असेल.

मधल्या काळात एक गंमत झाली. १९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळपासून जगभर निळ्या स्क्रीनचा पाऊस पडला. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे पंच्याऐंशी लाख विंडोज मशीन आडवी झाली. बँका, हॉस्पिटलं, विमानतळ. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. जगभरातल्या ऑफिसांत लोक माझ्या दुःखात सहभागी झाले होते आणि त्या दिवशी माझं मशीन? सकाळी नऊ ते रात्री अकरा, एकदाही बंद पडलं नाही! घरगुती मशीनवर ते ऑफिसवालं सॉफ्टवेअर नसतंच. पण मला तो निव्वळ खवचटपणा वाटला.

टीव्हीवर त्या बातम्या बघताना बाबांनी विचारलं, ''पण हे निळं होतं म्हणजे नेमकं काय होतं?''

मी त्यांना समजावून सांगायला गेले, आणि सांगता सांगता मलाच पहिल्यांदा नीट समजलं. निळी स्क्रीन म्हणजे कॉम्प्युटर बिघडणं नव्हे. बिघाड आधीच झालेला असतो. विंडोजच्या अगदी आतल्या भागाला असं काहीतरी दिसतं की ज्यावर विश्वास ठेवून पुढे काम केलं तर चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाईल. म्हणून ते स्वतःलाच थांबवतं. क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत त्यांचा प्रोग्रॅम मेमरीत जिथे वाचायला नको तिथे वाचायला गेला होता.

''म्हणजे फ्यूज,'' बाबा म्हणाले.

''हो. जवळजवळ फ्यूजच.''

''मग तू फ्यूजला कशाला शिव्या देतेस?''

मी गप्प. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, ''सगळं पुसून नवीन टाकलंस, तरी पडलंच ना? मग दोष पुसलेल्या भागात नव्हताच. निम्मं काम तुझं तूच केलंयस की.''

असं पाहा, मी तो रविवार वाया गेला म्हणून महिनाभर रडत होते. बाबांच्या हिशेबात तो सगळ्यात कामाचा रविवार होता. ते सांगायला लागले. १९८ ला कंप्लेंट यायची, फोन मध्येच मुका होतो. आता दोष एक्स्चेंजच्या आत, रस्त्यावरच्या केबलमध्ये, पिलरमध्ये, डीपीत की गिऱ्हाइकाच्या घरात? नवशिका माणूस घरापासून सुरुवात करून रिसीव्हर बदलतो. जाणता माणूस एक्स्चेंजमध्ये एमडीएफवर लाइन तोडून आधी एवढंच बघतो, की दोष आत आहे की बाहेर. मग बाहेरचं निम्मं करायचं. मग त्याचं निम्मं. आणि एका वेळी एकच जोड सोडायचा. दोन सोडले की कशामुळे बरं झालं ते कधीच कळत नाही.

मी आतापर्यंत एका वेळी चार-चार जोड सोडत होते.

दुसऱ्या दिवशी टेबलावर दोनशे पानी वही आली. पट्टीने रकाने आखलेले. तारीख, वेळ, काय चालू होतं, स्क्रीनवर काय आलं, शेरा. बाबांचं अक्षर सरकारी, तिरकं, सुंदर. ''पडलं की लिहायचं. वैतागायचं नंतर.''

पहिला संशय त्यांनी व्होल्टेजवर घेतला. पावसात सुरू झालं म्हणजे लाइटचंच लफडं, याबद्दल त्यांना खात्रीच होती. मल्टिमीटर घेऊन तीन दिवस सॉकेटला चिकटले होते. रीडिंग व्यवस्थित. एक्स्टेन्शन बोर्ड काढून मशीन थेट भिंतीला लावलं. तरी पडलं. (हे लिहायलाच हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, बाबांनी आल्या आल्या जादू केली. आठवडाभर आम्ही दोघं चुकीच्या खांबावर चढलो होतो.) पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. वहीत लिहिलं, 'सप्लाय ओके', आणि खाली रेघ मारली.

अकरा नोंदी झाल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. नुसतं टायपिंग चालू असताना एकदाही नाही. मेल बघताना एकदा. बाकी दहा वेळा काय चालू होतं? क्रोमचे पंचवीस-तीस टॅब, त्यात फोटो, वर मुलाखतीचा ऑडिओ. म्हणजे मशीनवर ओझं वाढलं, मेमरी भरत आली, की पडण्याचा चान्स वाढत होता. आणि आरोपी दर वेळी वेगळा. घरात प्रत्येक माणूस वेगवेगळ्या दिवशी घसरून पडत असेल तर माणसं बदलायची की फरशी बघायची? सगळे प्रोग्रॅम ज्या एका गोष्टीवर उभे असतात ती म्हणजे रॅम.

''रॅम तर मी तपासलीय,'' मी म्हटलं. आणि खरंच तपासली होती. विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक असतं. चालवलं होतं, 'नो एरर्स' आलं होतं.

''किती वेळ?''

''वीस मिनिटं असेल.''

बाबा हसले. पुष्कळ दिवसांनी हसले असतील. ''दोन दिवसांतून एकदा येणारा फॉल्ट, आणि तू त्याला वीस मिनिटं भेटायला जातेस? त्याने दार का उघडावं?''

मग 'मेमटेस्ट८६' आणलं. हे पेनड्राइव्हवर टाकायचं आणि मशीन त्यावरूनच सुरू करायचं. विंडोज मध्ये येतच नाही. मेमरीत वेगवेगळे नमुने लिहून ते परत तसेच वाचता येतात का, एवढंच ते बघत बसतं. एकदा नाही, चार फेऱ्या. सोळा जीबीला रात्र जाते. शनिवारी रात्री अकराला सुरू केलं आणि मी झोपले. बाबा म्हणाले, मी थोडा वेळ बसतो.

सकाळी उठून बघते तर स्क्रीनवर लाल ओळी! शेजारी खुर्चीत बाबा, अंगावर शाल, पायाशी थर्मास. नाइट ड्यूटीच. वहीत नोंदी होत्या: 'पहिली फेरी, एरर निरंक. दुसरी फेरी, निरंक. तिसरी फेरी, ३.१० वाजता एरर १. ३.२५, एरर ४.' ''मला उठवलं का नाहीत?'' म्हटलं तर म्हणाले, ''तू उठून काय करणार होतीस? टेस्ट चालू होती ना.''

आता निम्म्याचं निम्मं. पॉवर बंद, वायर काढून टाकली, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली आणि पट्ट्या बाहेर काढल्या. सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसली. हा आपल्याकडचा सनातन उपाय, आणि कधीकधी तेवढ्यानेच भागतं, कारण नुसता सांधा मळलेला असतो. आमचं भागलं नाही. जुनी पट्टी एकटी लावून रात्रभर टेस्ट: निरंक. नवी पट्टी एकटी: एरर. तीच नवी पट्टी दुसऱ्या खाचेत: तरी एरर. म्हणजे मदरबोर्डची खाच निर्दोष, जुनी पट्टी निर्दोष. तीन रात्रींत गुन्हेगार हातात. बोटाएवढ्या रुंदीची हिरवी पट्टी. मदरबोर्डचे नऊ हजार वाचले ते वेगळेच.

पण त्या पट्टीने जाता जाता एक काम केलंच होतं. खराब रॅम नेहमीच निळी स्क्रीन दाखवते असं नाही. कधी ती गपचूप चुकीचा आकडा पुढे सरकवते, आणि फाइल कॉपी होताना आतून नासते. फोन भरला म्हणून मी मे-जूनमधल्या मुलाखती मशीनवर उतरवून फोनमधून पुसल्या होत्या. एकूण अकरा ऑडिओ फाइल्स. नऊ उघडल्या. एक मध्येच अडकत होती. आणि एक उघडलीच नाही. गिरगावात पस्तीस वर्षं खानावळ चालवून नुकतीच बंद केलेल्या एका बाईंची दीड तासाची मुलाखत. मी हिंमत करून पुन्हा गेले, खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, ''अगं, मग काय झालं? पुन्हा सांगते.'' सांगितलंही. पण पहिल्यांदा त्या शेवटच्या दिवशीच्या जेवणाबद्दल बोलताना मध्येच थांबल्या होत्या, बराच वेळ. दुसऱ्या खेपेला तो प्रसंग त्यांनी हसत, भरभर सांगितला. माझ्या लेखात दुसरा आहे. पहिला कुठेच नाही. आता प्रत्येक फाइल दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय फोनमधून पुसत नाही.

राहिला प्रश्न पट्टीचा. ''वॉरंटी असेल,'' बाबा म्हणाले. मी म्हटलं, तीन वर्षांपूर्वीचं बिल कोण ठेवतं? बाबा उठले, कपाटावरून बॉक्स फाइल काढली. या फाइलची आम्ही घरात यथेच्छ टिंगल केलीय. त्यात १९९८ च्या फ्रिजचंही बिल आहे, जो फ्रिज आता जगात नाही. 'कॉम्प्युटर' अशी चिठ्ठी लावलेला कप्पा, आणि त्यात २०२१ चं बिल. रॅमवर सहसा लांब मुदतीची वॉरंटी असते, हे दुकानात सांगतातही, आपणच विसरतो.

दोघं मिळून गेलो. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड, मग चालत. लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तो पत्ता सांगितला तर टॅक्सीवालाही विचारात पडतो. काउंटरवरचा मुलगा माझ्याशी बोलायला लागला, 'मॅडम, विंडोजचा इश्यू असेल.' बाबांनी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. तीन रात्रींच्या नोंदी, खाच क्रमांकासकट. त्याने दोन पानं वाचली, वर पाहिलं आणि म्हणाला, ''काका, तुम्ही कुठल्या कंपनीत होता?'' बाबांनी सांगितलं. तो आत गेला, टेस्टिंगला लावली, वीस मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, ''काका, इथे तर ओके दाखवतंय.''

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी हसू दाबत होते. ''बाळा,'' ते त्याला म्हणाले, ''तिसऱ्या फेरीपर्यंत थांब. आम्ही खाली चहा घेतो.''

चहा, बनमस्का, मग भूक लागली म्हणून मिसळ. दोन तासांनी त्याने पट्टी ठेवून घेतली. बारा दिवसांनी बदलून आली. त्या बारा दिवसांत आठ जीबीवर मशीन रांगत होतं, पण एकदाही पडलं नाही.

आता तर ती स्क्रीन निळीही राहिली नाही. २०२५ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटबरोबर मायक्रोसॉफ्टने ती काळी केली, रडकं तोंडही काढून टाकलं. बिल गेट्स १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ दाखवत असताना, स्कॅनर जोडल्या जोडल्या भर स्टेजवर अवतरली होती, तिची ही निवृत्ती. बाबांना बातमी दाखवली तर म्हणाले, स्टॉप कोड दाखवतात ना? मग रंग कोणताही असो.

नवी पट्टी बसवली त्या रात्री आम्ही पुन्हा चार फेऱ्या लावल्या. सकाळी बाबांनी वहीत शेवटची ओळ लिहिली: 'फॉल्ट क्लिअर. ०७.४०.' खाली सही केली, तारीख घातली. मग वही आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

''काय?''

''सबस्क्रायबरची सही लागते,'' बाबा म्हणाले. ''त्याशिवाय कंप्लेंट बंद होत नाही.''

मी सही केली.